मायलेकींचं गोंदण

माझ्या आईच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, तुळस गोंदलेली होती. वृंदावनासकट. वृंदावनाच्या पायाशी तीन ठिपके. तशीच तुळस आणि तसेच ठिपके तिच्या आईच्याही हातावर होते. आमच्या रत्नागिरीकडच्या वाडीत ही रीतच होती. मुलगी मोठी व्हायच्या आत आईच्या हातावरचं गोंदण तिच्या हातावर काढायचं, आणि सुई टोचत असताना मुलीचा हात आईनेच धरायचा. दुसऱ्या कुणी धरलेला चालत नसे. आई म्हणायची, "मेल्यावर अंगावरचा समदा काढून घेतात. गोंदाण कोण काढून घेत नाय. त्याच्यावरनं माय लेकीला वळाखते."

माझ्या धाकट्या बहिणीचं गोंदण मात्र राहून गेलं होतं. ती लालबागच्या चाळीत जन्मली, गावाला जाणं शिमग्याला, तेही एखाद्या वर्षी. नंतर ती शाळेत जाऊ लागली आणि मी घरात शहाणा झालो. गोंदण हे अडाण्यांचं काम आहे, असं मी आईला सांगितलं आणि विषय बंद केला. मी गिरणीत ब्लीचिंग खात्याच्या कचेरीत चिकटलो होतो. वडील गेल्यावर घर माझ्या पगारावर चालायचं. त्यामुळे मी बंद केलेला विषय बंदच राहायचा.

मग आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. फळीवरच्या देवांच्या तसबिरी आणि टाक आईच्या जुन्या लुगड्यात बांधून मी शिवडीच्या खाडीत सोडून आलो. त्याबद्दल मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही. ज्या देवांच्या देवळाच्या पायरीवर माझ्या आजाला चढू दिलं नव्हतं, ते देव माझ्या फळीवर बसून काय करत होते, हा राग माझ्या मनात तेव्हाही होता आणि आताही आहे. पण चिखलाने भरलेल्या पायांनी घरी आलो, आई भाकरी थापत होती, तिचा तो हात वर-खाली होताना दिसला, आणि मी म्हणालो, "देव गेले. आता या हातावरच्याचं काय?"

तिने भाकरी तव्यावर टाकली. "हात तोडून दिव काय?"

मी हसलो नाही. मला ते गोंदण खुपत होतं, आणि का खुपत होतं तेही सांगतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी बायकांचा एक मोर्चा निघाला होता, त्यात आमच्या चाळीतल्या बायका गेल्या, आई आणि बहीणही गेल्या. गिरगावात एका घरातल्या बाई दारात उभ्या राहून मोर्चातल्या बायकांना पाणी देत होत्या. आईने तांब्या घ्यायला हात पुढे केला. बाईंनी हातावरचं गोंदण पाहिलं, गाव विचारलं, मग वाडी कुठली ते विचारलं, आणि तांब्या मागे घेऊन आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. आईने ते घरी येऊन हसत सांगितलं. म्हणाली, "वरनं वतला तरी थंडगार होता हो." बहीण हसली नाही. ती म्हणाली की ओंजळ तिनेही केली होती, पण प्यायली नाही.

आणि मी? मला राग कुणाचा आला असेल? त्या बाईंचा यायला हवा होता. मला आईच्या हाताचा आला. ते गोंदण नसतं तर बाईंना कळलं नसतं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. एका भाषेचं राज्य मागायला आम्ही सगळे एका रस्त्यावर चाललो होतो, आणि त्या रस्त्यावर माझ्या आईला जे सोसावं लागलं त्याचा हिशेब मी तिच्याच कातडीवर लावला.

माझा एक मित्र होता. नायगावला राहायचा, फोर्टात एका कचेरीत कारकून होता, आमच्याच समाजातला, आणि फार छान बोलायचा. सभेत तो उभा राहिला की मागच्या बाजूला विड्या ओढत बसलेले लोकही पुढे सरकायचे. सत्याग्रहात आम्ही एकत्र पकडले गेलो आणि काही दिवस एकाच कोठडीत होतो. तिथेच मी त्याला माझी बहीण देऊ केली. शिकलेली आहे, स्वच्छ आहे, जुन्या वळणाचं काही अंगावर नाही, असं म्हणालो. बहिणीला विचारलं नव्हतं. स्वातंत्र्यावर आणि हक्कावर रोज घसा फोडणारे आम्ही दोघे, गजांच्या आत बसून एका मुलीचं लग्न ठरवून मोकळे झालो.

सुटून घरी आलो तर मायलेकी दोघी हळद लावून बसल्या होत्या. दोघींचे डावे हात सुजलेले. लालबागला मसाला कुटतात त्या गल्लीच्या तोंडाशी एक गोंदणारीण बसायची, तिच्याकडे जाऊन आल्या होत्या. मिरचीच्या खकाण्याने तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचे डोळे वाहत असतात, त्यामुळे आपण रडलो ते कुणाला कळलंच नाही, असं बहीण सांगत होती आणि खूश होती.

तिने पिंपळाचं पान, बुद्धाच्या बोधिवृक्षाचं, काढून घेतलं होतं. पानाचं चित्र तिने स्वतः पाटीवर काढून गोंदणारणीला दाखवलं होतं. पानाच्या देठाशी आईकडचे तीन ठिपके. आणि आईच्या हातावर तुळशीशेजारी तसंच पान, त्याच मापाचं. म्हणजे या वेळी लेकीचं गोंदण आईने घेतलं होतं. असं आमच्याकडे कधी झालं नसेल.

मी तिथेच बूट फेकले. गॅलरीतली माणसं दारात येऊन उभी राहतील एवढा आवाज केला. तिकडे मी काय बोलून आलो आहे, मुलगा कोण आहे, त्याला आता काय तोंड दाखवू, सगळं ओरडून झालं. बहीण शांतपणे म्हणाली, "दादा, देव खाडीत टाकलेस तेव्हा आईला विचारलं होतंस? मग पान काढताना मी तुला का विचारू?"

मी आईकडे वळलो. पान काढायचंच होतं तर निदान त्या तुळशीवर काढायचं, तुळस झाकून गेली असती, असं म्हणालो.

आई हळदीचा हात पदराला लागू न देता उठली. "ती तुळस नाय रे. ती माजी आय हाय." आणि चुलीकडे गेली.

मी तरीही थांबलो नाही. लालबागच्या बाजारातून बहिणीसाठी पूर्ण बाहीचं पोलकं आणलं. बघायला येतील त्या दिवशी ते घाल, एवढंच सांगितलं. तिने घातलं, आणि चहा आणायच्या आधी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या.

मित्र आणि त्याची आई दोघंच आले होते. त्याची आई साताऱ्याकडची, अंगाने बारीक. भर उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या असलेलं पोलकं घालून बसली होती. मला ते फार बरं वाटलं होतं, अगदी सुधारलेलं. ती बहिणीशी मायेने बोलली, शाळेत काय काय होतं ते विचारलं. पण मित्राने बशी घेताना हात पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "तू तर म्हणाला होतास..." एवढंच बोलला. मग सभेतल्यासारखं बोलू लागला, की आपण नवी माणसं आहोत, गुलामीच्या खुणा अंगावर मिरवायच्या नसतात. बहीण म्हणाली की हे पिंपळाचं पान आहे. तो म्हणाला, पान असो नाहीतर काही असो, बघणाऱ्याला गोंदण दिसतं आणि गोंदणावरून जात दिसते.

माझेच शब्द होते ते. माझ्याच घरात, माझ्याच आईसमोर कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावेत तसे. आणि ते ऐकून माझ्या तोंडून काय आलं तर, "काढून टाकता येईल. आमच्या खात्यात कॉस्टिक असतो. थोडा थोडा लावला तर चामडी निघते, डाग राहत नाही फारसा."

हे गिरणगावातच कुणाला सुचेल. कापडाचा रंग उडवायचं औषध रोज पाहणाऱ्या माणसाला माणूसही कापडासारखाच दिसू लागतो.

मित्राची आई बशी खाली ठेवत होती. तिचा हात थांबला. मग तिने डाव्या हाताची बाही वर केली, हळूहळू, जणू आत काही चिकटलं आहे. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी गुळगुळीत, गुलाबी, मेण ओतल्यासारखी. मधेच आवळून धरलेली, त्यामुळे हात पुरता सरळ होत नव्हता.

"डाग ऱ्हातो," ती मला म्हणाली. "आनि थंडीत ठनकतो."

माझी आई तिच्याजवळ सरकून बसली. बहिणीने मित्राला विचारलं, "लावताना त्यांचा हात कुणी धरला होता?"

तो म्हणाला की आईने स्वतःच्या मर्जीने केलं, कुणी जबरदस्ती केली नाही.

"मी ते नाही विचारलं. हात कुणी धरला होता?"

"मी," तो म्हणाला. "हलला असता तर जास्त भाजलं असतं."

बहिणीने त्याच्यापुढची बशी उचलली. चहा तसाच होता. "मला हे लग्न करायचं नाही," ती म्हणाली, त्याला नव्हे, मला. ते ऐकताना मला कळत होतं की माझ्याकडे कॉस्टिक होता, तिचा हात धरायला माझे हात होते, आणि आजवर कुणी मला नाही म्हटलं नव्हतं.

ते गेले. मी आईजवळ मित्राला शिव्या देऊ लागलो. आई म्हणाली, "त्याला नंतर दे." बहीण बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली की तिला माफी नको, तिला शिक्षिकेच्या परीक्षेला बसायचं आहे आणि त्यात मी मधे पडायचं नाही. मी पडलो नाही. तिचं लग्न पुढे तिने ठरवलं तेव्हाही पडलो नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुसऱ्या बाईचं. महिनाभराने मित्राची आई एकटीच आमच्या चाळीत आली. नायगावहून लालबागपर्यंत चालत. मी घरी होतो. मला वाटलं, मुलासाठी रदबदली करायला आली असेल. ती माझ्याकडे न बघता आईला म्हणाली की तिला गोंदणारीण दाखवा. तिची एक मुलगी आहे, कुर्ल्याला दिलेली. त्या मुलीच्या हातावर आणि तिच्या हातावर एकच गोंदण होतं, तिनेच हात धरून काढवून घेतलेलं. आता मुलीच्या हातावर आहे आणि तिच्या हातावर भाजलेलं कातडं. मुलगी माहेरी आली की हात पदराखाली लपवते, आईला वाईट वाटू नये म्हणून.

"लेकीनं माझ्यापासनं लपवायचं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती संतापलेली होती. "उजवा हात हाय की आजून. लेकीला घिऊन येते. तिच्या हातावरचं बगून माझ्यावर काडा म्हनावं. या खेपंला ती धरंल माझा हात."

आईने दिवस सांगितला. मी म्हणालो, मी सोबत येतो, गल्लीत गर्दी असते. आई म्हणाली, "तुजा काय काम तिकडं?"

त्या दिवशी चौघीजणी गेल्या, आणि मी संध्याकाळी परळच्या सभेला गेलो. मित्र बोलत होता. मराठी ही आपली आई आहे, आणि आईच्या अंगावर कुणी हात टाकला तर आपण तो हात जागेवर ठेवणार नाही, असं त्याने म्हटलं आणि मैदान दणाणलं. माझ्या शेजारच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी टाळी वाजवली नाही, पण उठूनही गेलो नाही. उभं राहून एक वाक्य बोलायला हवं होतं, ते मी बोललो नाही. का, तर चळवळीचं नुकसान होईल. राज्य मिळेपर्यंत असल्या गोष्टी बाजूला ठेवायच्या असतात, असं आम्ही एकमेकांना शिकवलं होतं. राज्य मिळालं. बाजूला ठेवलेलं अजून बाजूलाच आहे.

सभेनंतर तो माझ्याकडे आला. मी हल्ली टाळतो असं म्हणाला. मग त्याची आई आमच्याकडे आली होती का, असं विचारलं. कशाला?

"तुझ्या बहिणीच्या हातावर आहे ते स्वतःच्या हातावर काढून घ्यायला," मी म्हणालो. "पूर्वी होतं तेच."

मला वाटलं तो चिडेल. निदान ओशाळेल. त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि खरोखरच आठवायचा प्रयत्न केला.

"काय आहे रे तिच्या हातावर?" त्याने विचारलं.