माय भिंतीवर जायच्या आधी

हैदराबादच्या विमानतळावर मला सोडायला जळकोटहून जीपा भरून भावकी आली होती. माझ्यासाठी नव्हे, विमान बघायला. मी आपली निमित्त. जर्मनीला नर्स म्हणून निघालेल्या पोरीला हार घालताना प्रत्येकाचा मोबाईल वर. "पोरीला एवढं कामून शिकवायलाव?" म्हणून ज्या चुलत्यांनी दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, डोकं खाल्लं, तेच सगळ्यांत पुढे उभे राहून दात काढत होते. विमानात बसल्यावर मी ते फोटो पाहिले. प्रत्येकात माय उभी होती आणि एकातही माझी माय नव्हती. पदर कपाळापर्यंत, हात अंगाला चिकटलेले, तोंड पोलिसांनी पकडून आणल्यासारखं.

पुढे दादा गेले. भावाने आधार कार्डावरचं त्यांचं तोंड उदगीरच्या एका स्टुडिओत दिलं आणि तिथून दादा कोट-टाय घालून परत आले. आपल्याकडे ही रीतच आहे. जन्मभर धोतरात राबलेला माणूस मेला की त्याचं मुंडकं परक्या कोटावर चिकटवायचं, मागे निळं आभाळ लावायचं, की झाला तो मोठा माणूस. व्हिडिओ कॉलवर ते ध्यान पाहून मला किळस आली. आता दादा आठवायला गेलं की आधी तो टायच आठवतो. मायचं असं होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. ती भिंतीवर जायच्या आधी तिचा खरा चेहरा मला पाहिजे होता.

मोबाईल कामाचा नव्हता. तो दिसला की माय ताठ होते, नाहीतर व्हिडिओ कॉल समजून "जेवलीस का?" म्हणून ओरडते. मला हवा होता मुठीत मावणारा, न चमकणारा, न वाजणारा कॅमेरा. इथला दुकानदार झूमचं कौतुक सांगत बसला, चंद्रावरचे खड्डे दिसतात म्हणे. मला काय ते बुजवायचे होते? दुसऱ्या कॅमेऱ्यात चेहरा आपोआप गोरा करायची सोय होती. ते बघून मला तुम्हा सगळ्या भावकीची फार आठवण आली. पुण्यातल्या चुलतभावाने फोनवर अक्कल शिकवली, "मोठा घे, गळ्यात शोभतो." हा गळ्यात तसला कॅमेरा अडकवून गावी येतो आणि बैलांचे फोटो काढतो. बैलाला पाणी दाखव म्हटलं की मात्र त्याची पँट खराब होते. शेवटी मी जुन्या वस्तूंच्या दुकानातून साबणाच्या वडीएवढा कॅमेरा घेतला. इथल्या पोरींमध्ये सध्या हे जुने कॅमेरे फॅशन आहेत. जे धूसर फोटो आपण अल्बममधून काढून टाकले, ते यांना कलात्मक वाटतात. वाटू देत. त्याचा आवाज बंद होत होता, मला तेवढं पुरे होतं.

सुट्टीत घरी गेले. माय अंगणात तूर पाखडत होती आणि पाखडता पाखडता शेजारणीला कोंबडीवरून झापत होती. सूप वर, पदर खांद्यावर, तोंड सताड उघडं आणि भांडणाचा सगळा आनंद डोळ्यांत. मी मुठीतूनच बटण दाबलं. पडद्यावर बघितलं तर माझी माय! मला रडूच आलं.

चहाला बसल्यावर तिला दाखवला. तिने बराच वेळ निरखला, मग उठून पेटीतून फडक्यात गुंडाळलेली फ्रेम काढली. त्यात मायच होती. गोरीपान, पैठणीतली, गळ्यात कुणाचे तरी दागिने, मागे निळं आभाळ. मी भावाच्या नावाने बोटं मोडायला लागले.

"त्येला कामून बोलायलीस?" माय म्हणाली. "म्याच जाऊन काढून आणला. म्याच सांगितलं, रंग उजळ कर म्हणून."

"माय, ही तू न्हाईस!"

"नसू दे. तुझ्या तिकडं मला कोण वळखतंय? हितं समद्यांनी मला जलमभर शेणामातीतच बघितलंय. मेल्यावर तरी नीट बसू दे की, बाई."

मी ती फ्रेम पुन्हा फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. कॅमेरा परत देताना तिने त्या उघड्या तोंडाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि खुदकन हसली. "हे तुझ्यापाशी ठिव. चार माणसांत दाखवू नको."

या उन्हाळ्यात माय गेली. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही पैठणीतला फोटो टाकून हात जोडलेत. मीही तोच टाकला. दादांच्या कोटाला मी अजून नावं ठेवते, कारण तो त्यांना कुणी विचारून घातला नव्हता. मायची पैठणी मायने स्वतः निवडली होती.

चुलतभाऊ मात्र रोज मागे लागलाय, "तू काढलेला ओरिजिनल टाक ना, लई लाईक येतील." त्याला आणि बाकीच्या भावकीला एकदाच सांगते. तो फोटो मी कुणालाच देणार नाही. ड्युटीवरून आले की मी कॅमेरा उघडते, माय कुणावर तरी ओरडत असते, आणि तेवढा वेळ मी घरी असते.