ताटली रिकामी द्यायची न्हाई

माण तालुक्यातल्या दगडाबाई सत्तरी ओलांडलेल्या. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं, उरलेलं लोकांना खाऊ घालण्यात. त्यांची नात स्वप्नाली पुण्यात एका स्पॅनिश हॉटेलात स्वयंपाक करायची. तिच्या बापानं, धनाजीनं, तिच्यासाठी शिरवळच्या कारखान्यातला मुलगा हेरला होता आणि नोकरी सोडून घरी ये म्हणून टुमणं लावलं होतं. पोरगी ऐकेना. शेवटी ठरलं की आजीनं पुण्याला जाऊन बघायचं, आणि आजी म्हणेल ते दोघांनी मुकाट मानायचं.

तर एका दुपारी दगडाबाई त्या हॉटेलात पदर सावरून बसल्या. समोर एकेक करून इवल्याशा ताटल्या येऊ लागल्या. टोमॅटो चोळलेला पाव, तिखट रस घातलेले तळलेले बटाटे, मेंढीच्या दुधाचं चीज. याला म्हणे तापास म्हणतात.

"एवढंसं? भातुकली हाय व्हय ही?" असं पुटपुटत बाईंनी ताटली चाटूनपुसून साफ केली. चीज तर फारच आवडलं. जन्मभर मेंढ्या राखल्या आणि हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, याचा त्यांना मनापासून राग आला.

वेटर रिकामी ताटली उचलायला आला, तसा बाईंनी त्याचा हात धरला. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायची रीत त्यांच्या सात पिढ्यांत नव्हती. पिशवीतून तिळाची वडी काढून ताटलीत ठेवली. "आता ने." दुसऱ्या ताटलीत शेंगदाण्याची चटणी गेली, तिसरीत बाजरीची भाकरी. आसपासची मंडळी खाणं सोडून बघत बसली.

"आजी, ताटल्या धुवायला न्यायच्यात," वेटर काकुळतीला आला.

"मग धुवायच्या आधी खावा की!"

तो गेला तो परतच येईना. आपल्यापायी पोरीला बोलणी बसली की काय, या धास्तीनं बाई उठल्या आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

आत पाच बाप्ये भाकरीभोवती जमले होते, पण हात कुणी लावत नव्हतं. स्वप्नालीनं तुकडा मोडला, चटणीला लावून तोंडात टाकला, झकास म्हणून मान डोलावली. मग सगळे तुटून पडले.

"इथल्या मुख्य आचारी ताईच आहेत," वेटर हळूच म्हणाला. "काहीही असो, आधी ताई चाखणार, मग आम्ही. रोजचंच आहे."

दगडाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साठ वर्षं चूल पेटवली, पण त्यांचा घास कायम सगळ्यांच्या शेवटी. आनंद पोटात मावेना. त्यांनी तिथूनच लेकाला फोन लावला.

"धना, शिरवळच्या पावण्यास्नी न्हाई म्हणून सांग. आरं, आपली पोरगी हितं पाच बाप्यांच्या आधी खाती!"