सीधे आटे

नेरच्या बसस्टँडसमोर अब्रार खरादी यांचं दुकान आहे. खरं तर ते मशीनचं घर आहे. मशीन मधोमध ऐसपैस पसरलेली आणि अब्रारभाई भिंतीला पाठ घासत, पोट आत ओढून तिच्या बाजूनं ये-जा करणार. यातला मालक कोण आणि भाडेकरू कोण, हे पाहणाऱ्याला लगेच कळतं.

मशीन म्हणजे खराद. तिच्यात लाकूड अडकवायचं, ते गरगर फिरतं, त्याला पटाशी टेकवली की पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याचे दांडे असं काय काय गोल होऊन बाहेर येतं. अब्रारभाईंच्या आजोबांनी ती तिवसाच्या झाडाच्या ओंडक्यावर उभी केली आणि पायानं चालवली. वडिलांनी, जलालमियाँनी, तिला बंद पडलेल्या चक्कीची मोटर लावली. अब्रारभाईंनी तिच्यावर गोणपाट टाकलं. जलालमियाँ गेले आणि थोड्याच दिवसांत शाफ्ट जाम झाला. वडिलांसाठी अब्रारभाई ढसाढसा रडले. शाफ्टसाठी त्यांनी एक थेंब गाळला नाही. बाहेरून आणलेली लाटणी ते विकू लागले. लाटणं करायला कारागीर लागतो, विकायला नुसता बसणारा लागतो, आणि बसण्यात त्यांचा हात धरणारा नेरमध्ये कोणी नव्हता.

अशात यवतमाळच्या प्रफुल्लशेठनी त्यांना आपल्या फर्निचरच्या शोरूममध्ये सेल्समन म्हणून बोलावलं. काचेचं दार, थंडगार हवा आणि बसायला फिरती खुर्ची. "जिंदगीभर लाकूड फिरवलं, आता मी फिरतो," असं अब्रारभाई समोरच्या देवरावच्या चहाच्या टपरीवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. दसऱ्याआधीच्या सोमवारी रुजू व्हायचं ठरलं. पत्नी नुजहतनं नवा शर्ट आणला. दुकान भाड्यानं द्यायचं, त्याआधी मशीन काढायची. भंगारवाला बोलावला.

भंगारवाला आला, पण मशीनपाशी पोचला नाही. दारात अम्मी बसल्या होत्या. अम्मी म्हणजे शमसुन्निसाबी, वजनानं पावशेरात मोजाव्या अशा किरकोळ, पण हलवायला मशीनपेक्षा अवघड.

"तुझ्या अब्बाची मशीन तराजूत टाकतं काय रे?"

"अम्मी, बंद आहे ते."

"मंग चालू कर. चालती मशीन कारागीर नेते, बंद मशीन भंगारवाला. कारागिराच्या घरी दे, मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

"चालू करायची अन् मंग विकायची?"

"बैल विकतानी लोकं त्याले उभा करतात की नाही?"

झालं. ज्या मशीनपासून सुटायचं, तिची सेवा सुरू झाली. अब्रारभाईंनी गंज रॉकेलनं धुतला. पट्टा बदलला. मोटर नव्या तारेनं भरून आणली. शाफ्ट आणि लाकूड धरणारी वाटी दोन्ही झिजलेली. ती घेऊन ते यवतमाळला टर्नरकडे गेले. वाटी शाफ्टवर आट्यांनी बसते, बोल्टवर नट फिरवावा तशी. टर्नरनं जुने आटे बोटांनी चाचपले, अब्रारभाईंकडे पाहिलं, पुन्हा आट्यांकडे पाहिलं.

"असेच पाडू?"

"असेच. एकदम सीधे."

टर्नरनं खांदे उडवले आणि तसेच पाडून दिले. गिऱ्हाईक सांगेल ते करावं, हा त्याचा धर्म.

मशीन सुरू झाली तेव्हा आवाज इतका हलका आणि गोड आला की नुजहत दुकानामागच्या स्वयंपाकघरातून विचारती झाली, "अजी, चालू झाली का नाही?" अब्रारभाई खूश. आपण इतकी चांगली दुरुस्ती करू शकतो, हे त्यांना स्वतःलाच नवीन होतं. त्या भरात त्यांनी शाफ्टला तेल पाजलं, ओंडक्याला पॉलिश केलं. पिंजऱ्याला स्वतःच्या हातानं रंग देणारा पोपट असतो की नाही, आम्हाला माहीत नाही. असलाच तर नेरचा असावा.

गिऱ्हाईकही मिळालं. बाभुळगावचे किसनसिंग आडे. तांड्यातला माणूस, सागवानी पलंगांचा कारखाना आणि बोलणं रोखठोक. फोनवर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अब्रारभाई, आटे सीधे आहेत ना?"

"सोळा आणे सीधे."

शनिवारी किसनसिंग टेम्पो घेऊन आले. मशीनसमोर उभे राहिले आणि बूट उलटसुलट घातल्यासारखा चेहरा केला.

"भाई, हे तं उलटी आहे."

"काहून उलटी? तुम्ही उलटे उभे आहात."

"मोटरकडचा माथा डाव्या हाताले पायजे. हा उजव्या हाताले आहे."

"मंग? तिथंच असते तो."

"कुठं असते?"

"आमच्या घरी," अब्रारभाई म्हणाले, आणि पहिल्यांदा जरा चपापले.

गोष्ट अशी होती की आजोबा डावखुरे होते. त्यांनी मशीन आपल्या हाताला बेतली आणि मुलाला त्याच हातानं शिकवलं. जलालमियाँनी तेच अब्रारला दिलं. जेवायला उजवा हात, पटाशीला डावा, ही घरची रीत. नेरमध्ये दुसरी खराद नव्हती, त्यामुळे उलटं म्हणायला कोणी शिल्लकच नव्हतं. नटबोल्ट बाजारातले म्हणून त्यांचे आटे उजवे, खराद घरची म्हणून तिचे डावे. यात विचार करण्यासारखं काय आहे?

किसनसिंग मात्र हार मानणारे नव्हते. ते मशीनच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले. आता माथा डावीकडे आला, पण लाकूड खालून वर फिरू लागलं आणि पटाशी उडवू लागलं. त्यांनी मोटरच्या दोन तारा अदलाबदल केल्या. लाकूड बरोबर फिरायला लागलं.

"पाहा, झाली का नाही सीधी!" असं म्हणत त्यांनी पटाशी टेकवली.

मशीन आता उलटी फिरत होती आणि डाव्या आट्यांच्या वाटीला तेच हवं होतं. ती आट्यांवरून सरसर सुटली आणि हातभर सागवान दारातून रस्ता ओलांडून देवरावच्या चहाच्या पातेल्यात जाऊन पडलं.

"अब्रारभाई," देवराव तिथूनच ओरडला, "बिस्कीट बुडवतात, पलंग नाही!"

किसनसिंगांनी मशीन बंद केली. ते म्हणाले, "शाफ्ट बदलला, माथा बदलला, तं मी घेऊन काय जाऊ? ओंडका?" मग पुढं म्हणाले, "तुम्ही कसे चालवता, ते तं दाखवा."

इथं अब्रारभाईंनी हात दुखतो म्हणायला हवं होतं. पण इज्जतीचा प्रश्न. तारा पूर्ववत केल्या, लाकूड बसवलं, डाव्या हातानं पटाशी धरली. ढलप्या भुरभुर उडाल्या. बोलता बोलता पलंगाचा पाय तयार झाला: खाली कलश, मधे कमळ, वर बारीक मनगट. जलालमियाँचा घाट. किसनसिंगांनी तो हातात घेतला, गालाला लावला.

"मशीन राहू द्या," ते म्हणाले. "असे पाये मले हप्त्याहप्त्याले लागतात. सोमवारी माल टाकतो."

"सोमवारी मी यवतमाळले चाललो!"

"टाका, टाका," दारातून अम्मी म्हणाल्या.

किसनसिंग गेल्यावर अब्रारभाई तडकले. "अम्मी, तुमाले माहीत होतं! कोणी घेणारच नाही, हे माहीत होतं!"

"मले काय माहीत, बेटा? मी तं तुझ्या अब्बाले सोडून दुसरा खरादी पायलाच नाही. मले वाटे, सारी दुनिया डाव्या हातानं करते." अम्मींचा चेहरा इतका निरागस होता की भांडायलाही कडा सापडेना. "तू जा. पण आलेल्या मालाले नाही म्हणून जा. तुझ्या तोंडानं."

सोमवारी सकाळी अब्रारभाई नवा शर्ट घालून दुकानात आले. टेम्पो उभा होता. सागवानाचा वास बसस्टँडपर्यंत गेला होता. किसनसिंग खाली बसले होते, 'नाही' ऐकायला अगदी तयार. अब्रारभाईंनी घसा साफ केला.

"फक्त एक," ते म्हणाले, "नमुन्याले. मंग मी चाललो."

यवतमाळची बस लागली. कंडक्टर ओळखीचा, त्यानं दारातून हाक मारली, "येता का, अब्रारभाई?"

"हा पाय होऊ दे!" अब्रारभाई ढलप्यांच्या धुरळ्यातून ओरडले.

कंडक्टर बिचारा भला माणूस. तो थांबलासुद्धा. पण पलंगाला पाय चार असतात.