मावशीला ऐकू आलं

आमच्या देशाला राजभाषा हवी होती आणि उमेदवार दोन होते, नदीच्या अलीकडची भाषा आणि पलीकडची. सभेत वर्षभर खडाजंगी झाली. शेवटी कुणाच्याच घरात न बोलली जाणारी एक तिसरीच भाषा निवडली, तीही एका मताच्या फरकाने. आमच्या बाजूचे एक सभासद तेव्हा हात धुवायला गेले होते. ते जागेवर असते तर आज कचेऱ्यांत आमचीच भाषा चालली असती आणि माझ्या मावशीला नोकरी लागली नसती. त्यामुळे त्यांना शिव्या द्याव्यात की कसं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लोक त्या भाषेला 'वरची' म्हणतात आणि आपल्या भाषेला 'घरची'. कचेरीत, कोर्टात, दवाखान्यात घरचीत बोललेलं बोललंच नाही असं धरतात. साहेबांना घरची उत्तम येते, त्यांची आई दुसरं काही बोलत नाही. तरी दुभाषीने वरचीत सांगेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसतात. मावशी अशी दुभाषी होती.

दुभाषीने बोलणाऱ्याच्या वतीने 'मी' म्हणून बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही. 'मी दुकान फोडलेलं नाही' असं मावशी शांतपणे म्हणायची, 'या मुलाचा बाप मीच' असंही म्हणायची आणि मग डबा खायला जायची. शिवाय दुभाषीला कान नसतात, असा आमच्याकडचा रिवाज. तिच्या तोंडून गेलेलं तिने ऐकलेलं नसतं. शेजारणीचा घटस्फोट मावशीनेच कोर्टात मागितला. संध्याकाळी शेजारीण दारात येऊन म्हणाली, "तुला सांगायचंच राहिलं, मी वेगळी होतेय." मावशी म्हणाली, "अगं बाई, कधी ठरलं?" यात दोघींनाही काही वावगं वाटलं नाही.

दुभाषीचा सरकारी बिल्ला परत केला की मात्र कान येतात, तेही मागच्या सगळ्यासकट. म्हणून निवृत्त दुभाष्यांनाही सरकार बिल्ला ठेवू देतं. परत करायला कुणी जात नाही.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, कुलपं दुरुस्त करायचे. वरचीचा एक शब्द शिकले नाहीत. "कुलपाला कुठे भाषा लागते," म्हणायचे.

एकदा मोठ्या दवाखान्यातली दुभाषी आजारी पडली आणि तिच्या जागी मावशीला पाठवलं. दुपारी पुढचा रोगी आत आला, ते काका. सकाळी ते चाव्यांचा माल आणायला जातो म्हणून घरातून निघाले होते. दाराशी जरा घुटमळले, मग येऊन बसले. दुभाषी कुणाचीच नातेवाईक नसते, असं नियमातच आहे.

डॉक्टर वरचीत बोलले. मावशीने घरचीत सांगितलं, "मी तुमचे फोटो पाहिले. पोटात गाठ आहे. ऑपरेशन केलं तर आशा आहे. नाही केलं तर फार दिवस नाहीत."

काका टेबलाकडे बघत म्हणाले, "ऑपरेशन नको. मला भीती वाटते. आणि हे माझ्या बायकोला कळू देऊ नका. ती पाठ सोडायची नाही."

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. मावशीने नेहमीच्या आवाजात वरचीत सांगितलं, "ऑपरेशन नको. मला भीती वाटते. आणि हे माझ्या बायकोला कळू देऊ नका. ती पाठ सोडायची नाही." डॉक्टरांनी मान डोलावली. नकार कायद्याने पक्का झाला.

घरी आल्यावर काका म्हणाले, "माल काही मिळाला नाही."

"बरं," मावशी म्हणाली.

त्यांनी अर्धं ताट तसंच टाकलं. "जेवण जात नाही का?" तिने विचारलं. "ऊन लागलं असेल," ते म्हणाले. पुढे काय विचारणार? त्यासाठी आधी कळलेलं हवं. दर जेवणाला ती वाट बघायची, आज सांगतील, आज सांगतील. काका कुलपांबद्दल बोलायचे. हे तिने मला पुढे सांगितलं तेव्हा मला दोघांचाही संताप आला. मी असतो तर ताट आपटलं असतं.

तिने बिल्ला आपटला. म्हणजे कचेरीत जाऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी कारण विचारलं. "मला ऐकायचंय," ती वरचीत म्हणाली. साहेबांनी 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहून घेतलं आणि त्या दिवसापासून तिची नजर चुकवायला लागले. त्यांचंही एक प्रकरण तिच्या तोंडून गेलेलं होतं. शेजारणीने तर बोलणंच टाकलं.

कचेरीतून ती तडक काकांच्या दुकानात गेली. "बिल्ला देऊन आले," ती म्हणाली.

काकांच्या हातातली कानस थांबली. "म्हणजे तू..."

"ऐकलं. सगळं."

काकांनी कुलूप खाली ठेवलं. "आता पाठ सोडायची नाहीस."

"नाही."

"मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते," मावशी म्हणाली आणि गिऱ्हाइकांसमोरच रडायला लागली. आयुष्यभर लोकांची भीती तिने न अडखळता सांगितली होती. स्वतःची सांगताना तिला धड बोलताही येईना. काकांनी गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं आणि दुकान बंद केलं.

दवाखान्यात आता नवी दुभाषी होती. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. काका त्या मुलीला म्हणाले, "ऑपरेशन करा म्हणावं. आणि ही माझी बायको. जे काही असेल ते हिच्यासमोर सांगा."