अव्वाचा हात

आमच्या घरात चार पिढ्यांत कुणी नांगराला हात लावला नव्हता. आजोबा देवळात पूजेला, वडील शाळेत मास्तर, आणि मी मात्र शेतकी शिकून सोलापूरला कोरडवाहू प्रयोगाच्या शेतावर नोकरीला लागलो. एकोणीसशे तिसाच्या पुढचे ते दिवस. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि नोकरीही नेमकी तशीच मिळाली. सायकल हाणत गावोगाव जायचं आणि ज्वारी विरळ पेरा म्हणून लोकांच्या मागं लागायचं. दोन ओळींत चांगलं हातभर अंतर ठेवा, बी निम्मं टाका. आमच्याकडं पाऊस हात राखून पडतो. काळ्या रानात जेवढी ओल मुरते तेवढ्यावर रब्बीच्या ज्वारीला माघापर्यंत तगायचं असतं. ताटं जास्त झाली की सगळी मिळून ती ओल आधीच पिऊन बसतात, आणि दाणा भरायच्या वेळेला कोरडी मरतात. एवढी साधी गोष्ट. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, पान पुढं करायचे आणि दाट पेरायचे. माझं डोकं फिरायचं.

अक्कलकोटच्या वाटेवरच्या एका गावात मी सलग महिनाभर खेटे घातले. तिथं शेवटी एक म्हातारा-म्हातारी कबूल झाली. सहा एकर रान, त्यातला गाडीवाटेला लागून असलेला एक एकर मला प्रयोगाला दिला. म्हातारा बोलायचा कमी. बोलायची ती म्हातारी. सगळं गाव तिला अव्वा म्हणायचं, मीही म्हणू लागलो.

अव्वाला गावात मान होता तो तिच्या हाताचा. आमच्याकडं पेरताना पुरुष बैल हाकतो आणि बाई तिफणीमागून चालत वरच्या लाकडी चाड्यात मुठीनं बी सोडते. मूठ सारखी पडली तर पीक सारखं. अव्वाची मूठ अशी सारखी, की हस्ताचा पाऊस उघडला की चार-चार घरची माणसं तिला बोलवायला यायची. पेरणी झाल्यावर ज्याचं त्याचं खण-नारळ, जेवण. पण ती जायची त्याच्यासाठी नव्हे. वर्षातले ते पंधरा दिवस ती गावातली सगळ्यात मोठी बाई असायची, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं मला एकच विचारलं. पीक कमी आलं तर लोक काय म्हणतील, अव्वाचा हात गेला म्हणतील, मग काय करशील? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा मी. मी छातीवर हात मारून म्हणालो, "अव्वा, चावडीपुढं उभा राहून सांगेन की चूक माझी. तुझ्या हाताला कुणाला नाव ठेवू देणार नाही."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि बरं म्हणाली.

निम्मं बी टाकायचं म्हणजे आयुष्यभर बसलेली मूठ मोडायची. पेरणीच्या आधी दोन दिवस ती अंगणात नुसती येरझाऱ्या घालत होती, मुठीतनं बी सोडत, मागं वळून बघत, पुन्हा गोळा करत. शेजारणी हसत होत्या. जमिनीला उपाशी ठेवायचं म्हणजे पाप, असंही कुणी बोललं. तिनं लक्ष दिलं नाही. पेरलं, उगवलं, आणि मी गुडघ्यांवर रांगत एका ओळीतली रोपं मोजली. रोपापासून रोप जवळजवळ सारखं. प्रयोगाच्या शेतावर आम्ही दोरी लावूनही इतकं नेमकं पेरत नव्हतो. मी तिला तसं सांगितलं. ती पदराआड हसली, पोरीसारखी लाजली.

पण वाटेवरून जाणाऱ्याला ते कुठं दिसायचं! शेजारच्या रानात हिरवं गच्च, आणि आमचा एकर चाई लागलेल्या डोक्यासारखा. गाड्या थांबवून लोक बघायचे. आडावर बाया विचारायच्या, बी काय घरीच दळून खाल्लं का? अव्वा मला हे हसत हसत सांगायची, पण हल्ली ती पाण्याला उन्हाचं जाते, आडावर कुणी नसताना, हे म्हाताऱ्यानं सांगितलं. मी रोज सायकल काढायचो. आभाळ बघायचो, रान बघायचो, पुन्हा आभाळ. घरी ताटावर बसलो तरी पाय हलत असायचा, वडील चिडायचे.

त्यात आमच्या मोठ्या साहेबांनी कळवलं, की दिवाळीनंतर ते स्वतः प्लॉट बघायला येणार. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. ती त्यांच्या एका शब्दावर होती. माझ्या पोटात काही राहत नाही, जित्याची खोड. मी अव्वाच्या ओसरीवर बसून सगळं ओकलो. साहेबाला प्लॉट आवडला पाहिजे अव्वा, नाहीतर माझं काही खरं नाही. एवढं बोलून मी घरी आलो आणि हिवतापानं दहा-बारा दिवस अंथरुणाला खिळलो.

बरा होऊन गेलो तर वाटेकडेचा तिसरा हिस्सा दाट. ओळींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात कोवळी, बोटभर रोपं. मला आधी कळेचना. मग दिसलं, की प्रत्येक रोपाच्या बुडाशी खुरप्यानं केलेलं आळं आहे. अव्वानं चार दिवस वाकून एकेक दाणा टोकला होता आणि आडावरनं घागरी आणून त्यांना पाणी घातलं होतं. साहेबाला वाटेवरनं रान भरलेलं दिसावं म्हणून. माझी फजिती होऊ नये म्हणून.

आणि मी काय केलं? अंगात आल्यासारखा ओरडलो. आईच्या वयाच्या बाईला, तिच्याच रानात. तुला अक्कल नाही म्हणालो, माझा सत्यानाश केलास म्हणालो. मग बसून मधली रोपं उपटायला लागलो. तेवढ्यात तिनं माझा हात धरला.

"तुझ्यासाटीच केलं की रे," ती म्हणाली. "मला मार हवं तर. पर उगवल्यालं उपटू नगं, लई वंगाळ असतंय."

मी हात झटकला. पण उपटलंही नाही. न सांगता सायकलवर बसलो आणि निघून आलो.

साहेब चार दिवसांनी आले. मोटार आली म्हटल्यावर सगळं गाव रानाच्या बांधावर. अव्वानं नवं लुगडं नेसलं होतं. साहेब विरळ भागात फिरले, खूष झाले. मग वाटेकडेच्या दाट भागात येऊन थांबले आणि मला विचारलं, हे काय? सगळ्यांच्या देखत, चढ्या आवाजात. खरं सांगायचं तर फार नव्हतं. मी आजारी होतो, माझं लक्ष नव्हतं, माझ्याच बोलण्यावरून हे झालं. तीन वाक्यं. ती सोडून मी म्हणालो, "या बाईनं पेरलंय, साहेब. तिचा हात जड आहे."

मराठीत म्हणालो. साहेब आमच्याकडचेच होते, त्यांना मराठी कळत होती. बांधावरच्या प्रत्येकाला कळलं. कुणीतरी मागं हसलं. अव्वानं पदर डोक्यावरनं पुढं ओढला आणि खाली रानाकडं बघत उभी राहिली. साहेब म्हणाले, असू दे, दोन्ही राहू दे, तुलना होईल. माझ्या जिवात जीव आला. तो आला याचीच मला आजही शरम वाटते.

हस्तानंतर पाऊस पडलाच नाही. मार्गशीर्षात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. येळवस आली, म्हणजे आमच्याकडची वेळ अमावास्या, घरच्यांनी उभ्या ज्वारीत जाऊन कडब्याची झोपडीसारखी कोप करायची, पूजा करायची आणि सगळ्यांना जेवू घालायचं. अव्वाचा निरोप आला, ये म्हणून. मी जाणार नव्हतो. गेलो. तिनं भज्जी, बाजरीची भाकरी, आंबील, सगळं वाढलं, आग्रहानं वाढलं, तापातनं उठलायस म्हणाली. त्या दिवसाचा तिनं एका अक्षरानं उल्लेख केला नाही. भांडली असती तर मी मोकळा झालो असतो. घास तोंडात फिरत होता. मी बसलो होतो तिथून डाव्या हाताला दाट पट्टा होता. त्याची पानं सुरळीसारखी वळली होती. उजवीकडं विरळ ज्वारी पुरुषभर उंच, कणसं मुठीएवढी.

काढणीला बघायला आसपासची गावं लोटली. दाट पट्ट्यात नुसता पाचोळा. गाव ज्या शेजारच्या रानाचं कौतुक करत होतं त्यातही तेच. विरळ भागातली कणसं मात्र हातात घेतली की जड लागायची. एकाच रानात, एकाच पावसावर, एका एकराच्या आत दोन्ही समोरासमोर. मी महिनोन् महिने घसा फोडून जे पटवू शकलो नव्हतो ते अव्वाच्या त्या चुकीनं एका दिवसात पटवलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. माझी नोकरी कायम झाली. आईनं पेढे वाटले. मला एक पेढा गिळवेना, आणि का ते घरात कुणाला सांगताही येईना.

पुढच्या वर्षी हस्त चांगला बरसला आणि गावातली अकरा घरं विरळ पेरायला तयार झाली. मी उड्या मारतच गेलो. बघतो तर चाड्यावर दुसऱ्याच बाया. कुणाची मूठ भसाभस, कुणाची तुटक. विरळ पेरायला सबंध तालुक्यात ज्या एका बाईचा हात बसला होता तिला एकाही घरचं बोलावणं नव्हतं. मी एकाला विचारलं, अव्वाला का नाही नेलं? तो माझ्याकडं बघतच राहिला. "तुमीच म्हनलाव न्हवं का सायेबाला, तिचा हात जड हाय म्हनून? जेवढं विरळ आलं ते तुमी संगं हुता म्हनून. विरळ पेरायचं म्हनल्यावर जड हाताची बाई कशी चालंल?"

मी तसाच चावडीपुढं गेलो. माणसं जमवली. छातीवर हात मारून दिलेला शब्द वर्षभर उशिरानं पाळला. सगळं सांगितलं. पेरलं होतं ते तिनं विरळच, आणि मी रोपं मोजली होती. दाट केलं ते नंतर, माझ्यासाठी. मी भित्रा, खोटं बोललो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक म्हातारा उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुमी भला मानूस हाव, म्हातारीची लाज राखाय बघताव. बाकीच्यांनी माना डोलवल्या. कुणी तरी पान पुढं केलं. मी ओरडलो, शपथ घातली, पान फेकून दिलं. जितका चिडलो तितका त्यांना मी भला वाटत गेलो. आधी माझं खरं पटत नव्हतं, आणि मग एकदा खोटं बोललो ते मात्र पहिल्या फटक्यात पटलं होतं.

अव्वा ओसरीवर सुपात ज्वारी निवडत बसली होती. चावडीवरची हकीकत तिच्यापर्यंत माझ्या आधी पोचली होती. मी पायरीवर बसलो. रडू आलं, ते लपवलं नाही. ती थोडा वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, हात पुढं कर.

मी केला. तिनं माझ्या तळव्यावर ज्वारी ओतली, माझी बोटं मिटवली आणि मला उठवून अंगणात उभं केलं.

"सोड बी. अकरा घरची पेरनी हाय, त्या बाया रान नासवतील. त्यांना शिकवाय पायजे. माझ्याकडनं त्या शिकायच्या न्हाईत, तुझ्याकडनं शिकतील."

मी चालत बी सोडायला लागलो. सगळं एकदम भसकन पडलं. ती मागनं आली आणि तिनं माझं मनगट धरलं. अंगठा कुठं ठेवायचा, करंगळी किती सैल सोडायची, पावलागणिक दाणा कसा निसटू द्यायचा, हे ती बोटांनीच सांगत होती. अंगणात आम्ही दुपार होईस्तोवर असेच फिरलो. तिचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो तिथं आहे हे मला पुन्हा पुन्हा बघावं लागत होतं, इतका तो हलका होता.