घडी फरक

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात त्यांना सगळे चादरमावशी म्हणत. सत्तावीस वर्षं चादरींना इस्त्री करून घड्या घालणाऱ्या बाईसाठी याहून वेगळं नाव शोधण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. त्यातली सव्वीस वर्षं त्यांनी दिवसपाळी केली. सत्ताविसाव्या वर्षी, गुडघे कुरकुरू लागल्यावर, त्यांनी आपण होऊन रात्रपाळी मागितली, तेव्हा मुकादमाने त्यांना बरं आहे ना, अशी चौकशी केली.

कारण घरी होतं. नवऱ्याला ऐकू येईनासं झालं होतं. नवरा त्यात सुखी होता. त्रास बाकीच्यांना होता. "अहो, दूध उतू जातंय" म्हटलं की "जाऊ दे, उद्या येईल" असं शांत उत्तर येई. मावशींनी श्रवणयंत्र पसंत केलं, विसार दिला आणि तीन महिन्यांत उरलेले पैसे देण्याचं कबूल केलं. दुकानदाराने तेवढी मुदत दिली. वर एक दिवसही थांबणार नाही, हेही बजावलं. रात्रपाळीचा तीन महिन्यांचा भत्ता आणि उरलेली रक्कम यांचा मेळ मावशींनी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने घातला होता, आणि तो अगदी काठाला काठ जुळत होता.

पहिल्या महिन्याच्या पगारपत्रकावर भत्त्यापुढे शून्य आलं. "मागाहून येतो," असं लोक म्हणाले. दुसऱ्या महिन्यात एका रात्रीचा आला. केल्या होत्या बारा.

मावशी पगार कारकुनाच्या खिडकीशी गेल्या.

"साहेब, बारा रात्री केल्या. एकच लागलीय."

"मावशी, हजेरीचं मशीन सांगतं ते मी लिहितो."

"मग मशीनलाच विचारते. कुठल्या भाषेत विचारू?"

कारकुनाने पडद्यावर बोट फिरवलं. "सतरा तारखेला तुम्ही रात्रपाळी केलीत. बाकीच्या दिवशी, मशीनच्या मते, केली नाहीत."

"मग रात्रभर मी काय केलं?"

"तुकडे केलेत," कारकून म्हणाला आणि जेवायला गेला.

सतरा तारखेला आपण असं काय वेगळं केलं, हे मावशींना घरी जाऊन भाकरी मोडताना आठवलं. त्या रात्री दाढ ठणकत होती. त्या जेवल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारकुनाला गाठलं. त्याच्याकडून बाहेर आलेली माहिती अशी: भत्ता मिळायला 'सलग सात तास' काम लागतं. पाळी दहा ते सहा. दीड वाजता जेवायला जाताना अंगठा लावला की मशीन साडेतीन तास मोजून थांबतं. दोन वाजता परत लावला की नव्याने सुरू होऊन चार तास मोजतं. साडेतीन म्हणजे सात नव्हेत, आणि चार म्हणजेही सात नव्हेत.

"पण साडेतीन नि चार मिळून साडेसात होतात की."

"होतात. सलग होत नाहीत."

"आणि जेवायला जाताना अंगठा लावा, ही पाटी कुणी लावली?"

"मीच लावली," कारकून प्रामाणिकपणे म्हणाला. "तोही नियमच आहे."

थोडक्यात, पाळी करणाऱ्याने नियम पाळू नयेत, अशी व्यवस्था होती. रात्रपाळीतले बाकीचे आठजण ती फार पूर्वी ओळखून होते. ते कपड्यांच्या ढकलगाडीवर डबा उघडत आणि मशीनच्या वाटेला जात नसत. पाटी वाचणाऱ्या एकट्या मावशीच.

"पण मग बाकीच्यांना कसा मिळतो?" कारकुनाने डोळे बारीक केले.

खरं सांगितलं असतं तर आठजणांचा भत्ता त्याच दिवशी गेला असता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यातून एक दाढ आधीच दुखरी.

"त्यांना भूक लागत नसेल," मावशी म्हणाल्या.

घरी त्यांनी हे सगळं नवऱ्याला समजावलं, म्हणजे ओरडून समजावलं. नवऱ्याला काही कळलं नाही. इमारतीला कळलं. जिन्यात भेटणारा प्रत्येकजण "साडेतीन नि चार किती हो?" असं विचारू लागला. खालच्या मजल्यावरच्या वकिलाने न विचारता सल्ला दिला, की नोकरी सोडावी.

तिसरा महिना संपायला आठ दिवस उरले, तेव्हा मावशी अर्ज घेऊन प्रशासनाच्या मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाईंनी नियमावली उघडली, 'सलग' या शब्दावर बोट ठेवलं आणि माझे हात बांधलेले आहेत, असं त्याच मोकळ्या हातांनी सांगितलं.

मावशींनी टेबलावरच्या फायली उचलून खुर्चीवर ठेवल्या आणि खालचा पांढरा टेबलक्लॉथ ओढून काढला. तो त्यांच्याच हाताखालून गेलेला होता.

"मॅडम, हा एक आहे की दोन?"

"एक. अहो, काय करताय?"

मावशींनी मधोमध घडी घातली. "आता?"

"एकच."

"घडी घातली म्हणून त्याचे दोन होत नाहीत. मग माझ्या रात्रीला अर्ध्या तासाची घडी पडली, तर तिचे दोन तुकडे कसे होतात? सत्तावीस वर्षं घड्या घालतेय. एवढ्या घड्यांचे तुकडे झाले असते तर तुमचे रोगी रुमालावर झोपले असते."

मोठ्या बाईंनी टेबलक्लॉथची घडी उलगडून पाहिली. मग त्यांनी अर्जावर लिहिलं : 'जेवणाची सुट्टी ही घडी समजावी, तुकडा नव्हे. तीन महिन्यांचा फरक द्यावा.'

संगणकात या रकमेसाठी शीर्षक सापडेना, म्हणून कारकुनाने ती 'घडी फरक' या नावाखाली चढवली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुकान बंद व्हायच्या बेतात असताना, मावशींनी श्रवणयंत्र आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याच्या कानात ते बसवून त्यांनी सगळी हकिगत पहिल्यापासून, साध्या आवाजात सांगितली. तीन महिन्यांत त्या प्रथमच घरात साध्या आवाजात बोलत होत्या. नवऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे आता जेवताना अंगठा लावायचा की नाही?"

हे मावशींना कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी कारकुनाला विचारलं.

"मावशी, घडी मंजूर झालीय ती त्या अर्जापुरती. पाटी आहे तशीच आहे, मशीनही."

"मग?"

"लावायचा. आणि महिनाअखेरीला अर्ज करायचा. दर महिन्याला."

त्या घरी आल्या आणि पिशवी ठेवता ठेवता बोलू लागल्या. नियम असा, मशीन तसं, अर्ज कुणाच्या नावे, त्याला जोडायचं काय. नवऱ्याने थोडं ऐकलं. मग कानातलं यंत्र अलगद काढलं आणि मखमली डबीत ठेवलं.

"अहो, ते का काढलंत?"

"जरा बॅटरी वाचवतो," तो म्हणाला.

मावशींनी आवाज चढवला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली.