चांदीचं कापड आणि आईचे पाय

तेव्हा साबणापासून बनियनपर्यंत सगळ्यावर 'नॅनो' लिहिलेलं असायचं, आणि मी गोंदियातल्या एका कॉलेजात पीएचडीसाठी सुती कापडावर चांदीचे कण बसवत होते. कण इतके बारीक की दिसायचे नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल काहीही बोलता येई. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात भाताची पेज घालून तापवायची, त्यात कापड बुडवायचं, ते पिवळट-तपकिरी झालं की समजायचं चांदी बसली. अशा कापडावर जंतू मरतात. पेज आमच्या घरचीच. कामठ्याकडच्या आमच्या गावातून मी ती रोज डब्यात घेऊन यायचे. गाईड सर तिला 'हरित तंत्रज्ञान' म्हणतात हे कळल्यापासून आई ती गाईला घालेनाशी झाली.

आई रोवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, जायची. महिना-दीड महिना चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, कातडी पांढरी पडून फाटायची. त्यावर आमच्याकडे एकच औषध, मेंदी. रोवणीभर बायकांचे पाय लाल असतात, आणि त्यात हौस म्हणून काही नसतं.

मी प्रबंधाच्या प्रस्तावनेत लिहिलं की हे कापड धानाच्या बांधीत राबणाऱ्या स्त्रियांच्या पायांना उपयोगी पडेल. सर खूश झाले. "वा, समाजोपयोगी! बस, इसी को लंबा करो." मी दीड पान लांबवलं. घरीही सांगून बसले, "आई, पुढच्या रोवणीला तुला याचे मोजे शिवून देते." ती खरंच वाट पाहू लागली.

नियमाप्रमाणे कापड वीस वेळा धुऊन चांदी टिकते का ते पाहायचं होतं. धुलाईचं यंत्र कॉलेजात आलं होतं, पण त्याचं उद्घाटन व्हायचं होतं. सर म्हणाले, घरून धुऊन आणा. मी आईला कापड दिलं आणि रोज एकदा साबणाने धू म्हटलं. एवढंच. शिकलेल्या माणसाला जास्त सांगायची गरज वाटत नाही.

आमच्या बौद्ध वस्तीत पांढऱ्याला मान. बुद्धपौर्णिमेला आईचं पातळ असं निघायचं की शेजारणी विचारत, नीळ किती घालतेस. विसाव्या दिवशी तिने माझ्या हाती दिलेलं कापड तसंच पांढरंफेक होतं.

"हे काय केलंस आई?"

"अठरा धुन्यात डाग निंगून नाई राहिला. मंग ब्लीचिंगमधी भिजवलं, नीळ देली. तुह्या सायबाच्या हाती पिवळं कापड द्याचं काय?"

"तो डाग नव्हता. चांदी होती ती."

ती आपल्या हातांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सांगाचं नाई काय, पोरी." आणि कापड परत हातात घेऊन, "मंग आता मोजे?"

मला आधी तिचा राग आला आणि मग स्वतःची लाज वाटली.

प्रयोगशाळेत काचेच्या बशीत त्या कापडावर जंतूंचं रान माजलं. सगळं मुसळ केरात. सर मात्र शांत होते. "घर की धुलाई लिखना ही मत." उद्घाटन झालं, नारळ फुटला, आणि नवं कापड यंत्रात कोमट पाण्यात बिनसाबणाचं फिरवलं. चांदी टिकली. तसं लिहिलं, खाली सही माझी. घरी कापडं कशी धुतात हे प्रबंधात कुठेच नाही. प्रबंध तपासणाऱ्या कमिटीतल्या तिघांनीही आपापल्यासाठी एकेक रुमाल मागून घेतला, आणि घोडं गंगेत न्हालं.

मोजे मी शिवले नाहीत. धुण्यात जे टिकत नाही ते चिखलात काय टिकणार? आईनेही पुन्हा विचारलं नाही.

पीएचडी मिळाल्याबद्दल कॉलेजने माझा सत्कार ऐन रोवणीत ठेवला होता. आई अर्धा दिवस पाडून आली. पांढरं पातळ नेसून, चपला खाली काढून ती व्यासपीठावर चढली. प्रमुख पाहुण्यांची नजर तिच्या पायांकडे गेली. त्यांनी माइक जवळ ओढला.

"बघा, लेक डॉक्टर झाली म्हणून या माउलीने हौसेने पायांना मेंदी लावली आहे."

सभागृहात टाळ्या पडल्या. आईने पाय पातळाच्या निऱ्यांत ओढून घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. मी सांगू शकले असते. मीही टाळ्या वाजवल्या.